कामाची रेखाभाषा

रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त पेठ वडगाव येथे भरलेल्या कर्मचारी मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपणांपुढे खाटांचा, तपासण्यांचा आणि जमाखर्चाचा आढावा ठेवतो. ते आकडे अहवालाच्या उत्तरार्धात छापलेले आहेतच, तेव्हा ते पुन्हा वाचून दाखवीत नाही. गेले काही महिने सभागृहाच्या भिंतीवर खाकी कागद डकवलेले आहेत. त्यांवरील वर्तुळे आणि चौकटी पाहून प्रशासकांनी कुंडल्या मांडायला सुरुवात केली की काय, अशी थट्टाही आमच्या कानी आली आहे. ते कागद म्हणजे नेमके काय, हे सर्वांना एकदा समजावून सांगावे, अशी सूचना अध्यक्ष महोदयांनी केली. त्या सूचनेनुसार आज बोलत आहोत.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. संगणकशास्त्र आम्ही कोठे शिकलेलो नाही. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद ही आमची बाराखडी. १४९४ साली लुका पाचोली याने व्हेनिस येथे द्विनोंदी पद्धतीचे विवेचन छापून प्रसिद्ध केले. तेव्हापासून रुपया कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, याचा माग काढण्याची एक सर्वमान्य रीत जगाला मिळाली. आपल्या गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले तर ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सापडतात. पण रुग्णाची फाइल सकाळी अकरा वाजता कक्षातून निघाली आणि दुपारी तीन वाजता देयक खिडकीवर पोहोचली, तर मधले चार तास कोणाच्या खाती टाकावयाचे? त्याला खतावणी नाही. आम्ही या विषयाकडे वळलो ते या प्रश्नामुळे, असे म्हणणे शोभले असते. खरे कारण मात्र निराळे आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वीच्या गाळप हंगामातील ती रात्र. आपली नवी संगणक प्रणाली नुकतीच सुरू झालेली होती. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून आलेल्या टोळीतील एका बाईंना पोटात असह्य वेदना होऊ लागल्या म्हणून खोपीवरून रात्री दीडच्या सुमारास आपल्याकडे आणले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तत्काळ उपचार सुरू केले, त्यात तिळमात्र कसूर झाली नाही. परंतु खाट द्यावयाची तर नोंदणी खिडकीवरील संगणक रुग्णाचा वर्ग विचारत होता: सर्वसाधारण, दुर्बल की निर्धन? 'निर्धन' निवडले की तो उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक मागे, आणि क्रमांक दिल्याखेरीज पुढचा पडदा उघडत नसे. अर्ध्या रात्री खोपीतून आलेल्या माणसाजवळ तहसीलदारांचा दाखला कोठून असणार? खिडकीवरील मुलाने काम अडू नये म्हणून 'सर्वसाधारण' निवडले. मग संगणकाने अनामतीची पावती मागितली. त्या बाईंच्या यजमानांनी मुकादमाला उठवून पाच हजारांची उचल घेतली आणि पैसे भरले.

आपले रुग्णालय धर्मादाय आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेली योजना आपल्याला बांधील करते. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, आणि तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत न मागता दाखल करून घेणे, हे सर्व त्यात आहे. ही योजना आपल्या दर्शनी भागात फलकावर लावलेली आहे. त्या रात्री पैसे भरणारा माणूस त्या फलकाखालीच उभा होता.

वैद्यकीय समाजसेवा विभागाने पंधरवड्यानंतर निधीचा मेळ घालताना ही नोंद पकडली. रक्कम परत देण्यासाठी आम्ही स्वतः टोळीच्या तळावर गेलो. पैसे मोजून घेऊन त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, "पैशे मिळाले साहेब, पर मुकादमाच्या वहीत चढलेलं आता उतरत न्हाई." त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दोष कोणाचा? आम्ही प्रथम संगणक प्रणाली करणाऱ्या मंडळींवर चिडलो. त्यांनी आम्हीच सही करून दिलेले चार पानी टिपण समोर ठेवले. त्यात आमचे वाक्य असे होते: "रुग्णाची नोंदणी करून, आवश्यक ती कागदपत्रे तपासून व अनामत स्वीकारून खाट द्यावी, तातडीच्या प्रसंगी योग्य ती सवलत द्यावी." वाक्य निर्दोष मराठीत होते. त्याचा पूर्वार्ध प्रणाली लिहिणाऱ्या तरुणाने जसाच्या तसा यंत्रात उतरवला. उत्तरार्धाचे त्याने काय करावे? 'योग्य ती' म्हणजे कोणती, ती कोणी ठरवावयाची, रात्री ठरवणारा माणूस कोठे असतो, यातले काहीच आम्ही लिहिले नव्हते. कार्यालयीन मराठीत 'योग्य ती' हे शब्द फार उपयोगी पडतात, ही आमच्या पेशातील अंदर की बात आहे. यंत्राला मात्र ते दिसतही नाहीत.

म्हणजे अडचण भाषेची होती. काम करणाऱ्याला वाचता यावी आणि यंत्रालाही पाळता यावी, अशी मधली भाषा हवी होती. ती आहे, आणि तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

अमेरिकेतील फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ साली तेथील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे 'प्रक्रिया तक्ता' मांडला. कोणतेही काम चिन्हांच्या साखळीने कागदावर उतरवता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या फ्रँक गिलब्रेथ यांनी शस्त्रक्रियागृहांचाही अभ्यास केला होता. शस्त्रक्रिया करणाऱ्याने उपकरण स्वतः शोधत बसू नये, परिचारिकेने ते त्याच्या हाती द्यावे, या रीतीच्या प्रसाराचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे १९४७ साली त्याच अभियंता संस्थेने पाच चिन्हे प्रमाण केली: कृती, वहन, तपासणी, विलंब आणि साठवण. विलंबाला स्वतंत्र चिन्ह होते, हे कृपया ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्ही परत येणार आहोत.

१९६२ साली जर्मनीतील कार्ल ॲडम पेट्री यांनी आपल्या प्रबंधात अशा आकृत्यांना गणिताचा पाया दिला. आकृतीवर सोंगट्या ठेवून त्या नियमाप्रमाणे सरकवल्या, तर काम कोठे अडेल हे आधीच कळते, अशी ती कल्पना. त्यानंतर संगणक कंपन्यांनी आपापल्या भाषा काढल्या. जर्मनीतच १९९२ च्या सुमारास घटनांच्या साखळीची एक पद्धत निघाली आणि मोठ्या कारखान्यांतील संगणक प्रणालींबरोबर जगभर गेली. १९९७ साली ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने यूएमएल ही रेखाभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली. पुण्यात टाटांनी १९८१ साली स्थापन केलेल्या संशोधन केंद्रातही आकृत्यांवरून संगणकाचा कार्यक्रम आपोआप तयार करण्याचे काम झाले. मास्टरक्राफ्ट ही साधने त्या कामातून आली, याचा मराठी माणसाने उल्लेख करावयास हरकत नाही.

तरी एक दरी राहिलीच होती. माणसे चित्र काढीत एका भाषेत आणि यंत्र चाले दुसरीत. २००२ साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि बीईए या कंपन्यांनी मिळून बीपेल नावाची भाषा आणली. ती यंत्रासाठी होती, निव्वळ मजकुराची, कारकुनाला वाचवणार नाही अशी. माणसांच्या बाजूने मे २००४ मध्ये बीपीएमएन ही चित्रांची भाषा आली. पण चित्रात बाण वाटेल त्या मागच्या पायरीवर परत नेता येई, आणि बीपेलला तसे उलटसुलट बाण नीट पचत नसत. त्यामुळे भाषांतर करणारा मध्ये लागेच, आणि भाषांतरात काही सांडे. आमच्या चार पानी टिपणाचे जे झाले तेच. जानेवारी २०११ मध्ये बीपीएमएनची दुसरी आवृत्ती निघाली. तीत चित्राचा अर्थच इतका काटेकोर बांधला गेला की ते चित्र यंत्राला थेट चालवता यावे. २०१३ साली ती आंतरराष्ट्रीय प्रमाणही झाली.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. म्हणून आपल्या शेजारचेच एक उदाहरण सांगतो. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा समूहाच्या परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली केंद्र शासनाच्या पुढाकाराने सुरू झाला. त्या काळी देशभर त्याची चर्चा झाली, आणि आपल्यापैकी अनेकांनी गावातले ते संगणक केंद्र पाहिले असेल. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी तेथे येऊन प्रत्यक्षात काय चालते ते पाहिले. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, गेलेल्या उसाचे वजन, खताची मागणी अशा मोजक्या गोष्टी शेतकरी विचारी आणि कारखाना उत्तर देई. दोघांमधली देवाणघेवाण एका ओळीच्या निरोपात मावणारी होती. त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशाने तेच सर्व काम करून दाखवले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचे वाटले. आम्हांला यात मोबाइलचे कौतुक नाही. काम कसे चालते याचे चित्र आधी पाहिले म्हणून कोणते यंत्र पुरेल हे कळले, याचे आहे. आपण उलट केले होते. यंत्र आधी घेतले होते.

आता भिंतीवरील कागदांकडे वळू. या भाषेची अक्षरे थोडी आहेत. बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे आरंभ, जाड रेघेचे म्हणजे शेवट. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे काम. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे फाटा. शंकरपाळ्यात फुली असेल तर अनेक वाटांपैकी एकच घ्यावयाची. अधिक चिन्ह असेल तर सर्व वाटा एकाच वेळी सुरू होतात, आणि पुढच्या अधिक चिन्हापाशी सर्व वाटांवरची कामे पोहोचल्याखेरीज कोणी पुढे सरकत नाही. जमाखर्चाच्या माणसाला हे लगेच पटते. जितके नावे तितके जमा, तसे जितके फुटले तितके जुळले पाहिजे.

कागदावर आडवे पट्टे आहेत. पोहण्याच्या तलावात जसे दोर बांधून पट्टे करतात, त्यावरून इंग्रजीत त्यांना नाव पडले आहे. प्रत्येक पट्टा एका जबाबदाराचा: नोंदणी खिडकी, कक्ष परिचारिका, निवासी डॉक्टर, औषध विभाग, देयक विभाग, समाजसेवा विभाग. हे सर्व पट्टे मिळून एक तलाव, म्हणजे आपले रुग्णालय. आणि रुग्णाचा तलाव वेगळा काढावा लागतो. एका तलावातून दुसऱ्यात सलग रेघेचा बाण नेण्यास या भाषेत मनाई आहे. तेथे फक्त तुटक रेघेचा बाण, म्हणजे निरोप जाऊ शकतो. आम्ही पहिल्या कागदावर 'नातेवाईक दाखला आणतात' ही चौकट आपल्याच नोंदणीच्या पट्ट्यात काढली होती. ती व्याकरणाने चूक ठरली. दाखला आणणे हे आपले काम नव्हे, ते आपल्या हुकमात नाही. आपण निरोप देऊ शकतो, उत्तराची वाट पाहू शकतो, आणि उत्तर न आल्यास काय करावयाचे ते आपल्या पट्ट्यात लिहू शकतो. त्या रात्रीची सारी चूक या एका बाणात होती.

दुसरा कागद रुग्णास घरी सोडण्याचा. डॉक्टरांनी 'उद्या घरी' म्हटल्यापासून रुग्ण फाटकाबाहेर पडेपर्यंतचा. त्यावर चित्र काढून झाल्यावर आम्ही पेट्री यांच्या सोंगट्यांऐवजी चिंचोके घेतले आणि सर्वांनी मिळून ते चालवून पाहिले. एक चिंचोका फाइलचा. अधिक चिन्हापाशी त्याचे तीन झाले: एक डॉक्टरांच्या सारांशाकडे, एक उरलेली औषधे परत करण्याकडे, एक तपासण्यांच्या हिशेबाकडे. ते तिन्ही एकत्र आले. पुढे फुलीचा फाटा होता. रुग्ण शासकीय आरोग्य योजनेतील असेल तर योजना कक्षाकडे, नसेल तर थेट देयकाकडे. या दोन वाटा पुन्हा जुळतात तेथे आम्ही अनवधानाने अधिक चिन्ह काढले होते. रोखीच्या रुग्णाचा चिंचोका तेथे जाऊन बसला आणि हलेना, कारण तो योजनेच्या वाटेवरून येणाऱ्या दुसऱ्या चिंचोक्याची वाट पाहत होता. तो दुसरा कधीच येणार नव्हता.

आम्ही खोडरबर हाती घेतले. तेवढ्यात आपल्या एका ज्येष्ठ परिचारिका भगिनी म्हणाल्या, "साहेब, चित्र चुकलेलं नाही. आपल्याकडं असंच होतंय."

आणि खरोखरच तसे होते. रोखीच्या रुग्णाचीही फाइल योजना कक्षाच्या ट्रेमध्ये जात होती, 'योजनेत नाही' असा शिक्का घेऊन बाहेर येत होती, आणि तो शिक्का नसेल तर देयक खिडकी ती स्वीकारत नव्हती. कक्षात गर्दी असली की शिक्क्याला दोन-दोन तास लागत. हे कोणी ठरवले? जुन्या परिपत्रकांच्या फाइलमध्ये उत्तर मिळाले. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये उर्वरित राज्यात, म्हणून आपल्याकडेही आली. तिचेच नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. प्रारंभीच्या गोंधळात योजनेतील एका रुग्णाकडून चुकून रोख देयक घेतले गेले. तसे पुन्हा होऊ नये म्हणून 'पुढील आदेशापर्यंत सर्व फायली योजना कक्षामार्फत पाठवाव्यात' असे परिपत्रक निघाले. पुढील आदेश कधी निघालाच नाही. परिपत्रकाखाली सही आमचीच होती.

इतकी वर्षे भादोल्याचे, मिणच्याचे, अंबपचे रुग्ण सकाळी सुट्टी मिळूनही दुपारची एसटी चुकवून जिन्यात गाठोडी घेऊन बसत होते, आणि आम्ही देयक खिडकीवरील मंडळींना कामाचा वेग वाढवा म्हणून सांगत होतो. आता योजनेची नोंद दाखल होतानाच फाइलच्या पहिल्या पानावर होते आणि जुळणीच्या जागी अधिकऐवजी फुली आहे. बदल एवढाच. सर्व काही सुरळीत झाले असे नाही. औषधे परत करण्याच्या वाटेवर अजूनही चिंचोका रेंगाळतो, आणि त्याचे कारण औषध विभागात एकच माणूस असणे हे आहे. ते चित्राने सुटणार नाही, त्यासाठी विश्वस्त मंडळाकडे एका पदाची मागणी केलेली आहे.

रात्रीच्या प्रवेशाचा कागद मात्र पूर्ण नव्याने काढला. त्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 'तातडीचे' म्हटले की पुढची वाट अनामतीच्या चौकटीकडे जातच नाही. त्या वाटेवर ती चौकटच नाही. वर्ग 'ठरावयाचा आहे' असा चौथा पर्याय ठेवला आहे. त्याच्यापुढे वर्तुळात घड्याळ काढले आहे. ते या भाषेत ठरावीक वेळेचे चिन्ह. सकाळी नऊ वाजले की काम समाजसेवा विभागाच्या पट्ट्यात आपोआप येते. शिधापत्रिका वा दाखला मिळवण्यास रुग्णाला मदत करणे, न मिळाल्यास चौकशी करून शिफारस करणे, ही त्यांची चौकट. हा कागद प्रणाली करणाऱ्या त्याच तरुणाला दिला. या वेळी त्याने आमच्याकडून एकही शब्द समजावून मागितला नाही. उलट त्यानेच विचारले की, समाजसेवा विभाग रविवारी बंद असेल तर घड्याळ कोणासाठी वाजेल? आम्ही निरुत्तर झालो. आता रविवारी ते काम कर्तव्यावरील अधिपरिचारिकेकडे जाते.

या भाषेच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या तक्त्यात विलंबाला आणि वहनाला चिन्ह होते, ते हिच्यात नाही. घड्याळ आहे, पण ते ठरवून थांबण्याचे. कोणी न ठरवता जे थांबणे होते, त्याला खूण नाही. एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात बाण काढायला क्षण पुरतो. प्रत्यक्षात तो बाण म्हणजे फाइल घेऊन दोन जिने चढणाऱ्या आपल्या मावशी आहेत, आणि त्यांना चित्रात पट्टा नव्हता. ही गोष्ट त्यांनीच लक्षात आणून दिली, थोड्या रागाने, आणि तो राग रास्त होता. आम्ही प्रमाण भाषेचा नियम थोडा मोडून त्यांचा पट्टा वाढवला आहे आणि जेथे फाइल पडून राहते तेथे लाल टिकली लावली आहे. जाणकारांनी हसावे, टिकल्या राहतील.

तसेच डॉक्टरांच्या निर्णयाला आम्ही चौकटीत बसवणार आहोत, ही भीती काहींनी व्यक्त केली. तसा हेतू नाही आणि अधिकारही नाही. ज्या कामाचा क्रम आधी ठरवता येत नाही, ते या भाषेत ओढूनताणून बसवू नये, हे तिच्या कर्त्यांनाही मान्य असावे, कारण त्याच संस्थेने २०१४ साली तशा कामांसाठी वेगळी भाषा प्रसिद्ध केली. आम्ही उपचारांची वाट काढत नाही. उपचारांभोवतीच्या कागदांची काढतो.

खर्चाविषयी विचारणा झाली होती. खाकी कागद, खडू आणि चिंचोके यांचा खर्च किरकोळ खात्यात दाखवला आहे. संगणकावर अशी चित्रे काढण्याची काही साधने विनामूल्य मिळतात, त्यांपैकीच एक आपण वापरतो.

तिसरा कागद अजून भरावयाचा आहे. रात्री एखाद्या रुग्णाचे निधन झाले, तर देह नातेवाइकांच्या स्वाधीन होईपर्यंत काय काय घडते, याचा तो कागद. देयक विभाग तेव्हा बंद असतो, दाखल्यावर सही करणारे डॉक्टर दुसऱ्या रुग्णापाशी असतात, आणि दारात माणसे उभी असतात. नियमपुस्तिकेत काय आहे ते आम्हांला पाठ आहे, म्हणूनच तो कागद आम्ही एकट्याने काढायला बसलो नाही. त्यावर सध्या आरंभाचे एक वर्तुळ तेवढे आहे. रात्रपाळीच्या भगिनींनी, वॉर्डबॉय आणि पहारेकरी बंधूंनी गुरुवारी दुपारी तीन वाजता सभागृहात यावे, आणि प्रत्यक्षात जे होते तेच सांगावे. पेन्सिल दोरीने भिंतीला बांधून ठेवली आहे.